‘१६ गेज’ मागवला, तरी पत्रा वेगळा का आला?

प्रश्न: मी मेकॅनिकल डिप्लोमा करून चाकणच्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये खरेदी आणि तपासणी दोन्ही बघतो. अमेरिकेतल्या ग्राहकाच्या ड्रॉइंगवर ‘१६ गेज सीआर’ (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला पोलादी पत्रा) असं होतं, मी पीओवर (खरेदी आदेशावर) तेच लिहिलं. पत्रा १.६ मिमीचा आला. पावडर कोटिंगनंतर डब्यांवर झाकणं बसेनात, आणि ग्राहक म्हणतो जाडीच चुकली. त्यातच मोटर रिवाइंडिंगवाला तारेचा गेज वेगळा सांगतो, कंप्रेसरच्या कागदावर दाबाचे ‘गेज’ आणि ‘अ‍ॅब्सोल्यूट’ असे दोन आकडे आहेत, टेस्ट सर्टिफिकेटवर ‘गेज लेंथ’ आहे, गावी वडील मल्चिंग पेपरही गेजवर घेतात. परवा तर भौतिकशास्त्रातली ‘गेज थिअरी’ वाचनात आली. सगळ्या गेजचा मिळून एक तक्ता मिळेल का?
— एक वाचक, चाकण

उत्तर: सगळ्या गेजचा एक तक्ता नाही, आणि कोणी तसा दिला तर वापरू नका. गेज हे मिलिमीटर किंवा बारसारखं एकक नाही. पत्रा, तार आणि सुई यांच्या बाबतीत गेज म्हणजे एखाद्या यादीतला अनुक्रमांक. यादी बदलली की त्याच क्रमांकाला वेगळी जाडी येते. दाब किंवा नदीची पातळी सांगताना गेज म्हणजे ठरवून घेतलेल्या शून्यापासून मोजलेला आकडा. आणि टेस्टिंग लॅबमध्ये तो नमुन्यावर आखलेल्या एका लांबीचं नाव होतो. त्यामुळे दर वेळी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: यादी कुठली, शून्य कुठलं, लांबी किती.

तुमचा खरा अडकलेला माल पत्र्याचा आहे, म्हणून आधी तो.

आपल्याकडचे पत्र्याचे व्यापारी १६ गेज म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेज म्हणजे एसडब्ल्यूजी असतो. ब्रिटनमध्ये १८८४ पासून कायद्याने लागू झालेली ही यादी मुळात तारेची. तीत १६ क्रमांकाला १.६२६ मिमी जाडी आहे, आणि बाजारात त्याच्या जवळचा १.६ मिमीचा पत्रा मिळतो. अमेरिकेत साध्या पोलादी पत्र्यासाठी मॅन्युफॅक्चरर्स स्टँडर्ड गेज नावाची वेगळी यादी चालते. ती जाडीवर नव्हे, वजनावर बेतलेली आहे. एक चौरस फूट पत्र्याचं वजन २.५ पौंड भरलं की तो १६ गेज, आणि त्यावरून जाडी निघते १.५१९ मिमी. जस्ताचा मुलामा दिलेल्या, म्हणजे जीआय पत्र्याच्या अमेरिकन यादीत १६ गेज १.६१३ मिमी असतो, कारण त्यात मुलाम्याची जाडी धरलेली असते. स्टेनलेसचा १६ गेज १.५८८ मिमी. अ‍ॅल्युमिनियमचा तर १.२९० मिमी, कारण अ‍ॅल्युमिनियमला तिथे अमेरिकन तारेची यादी लावतात. एकाच क्रमांकाखाली १.२९ ते १.६३ मिमी इतकी तफावत आहे. तेव्हा तुमचा व्यापारी खोटा बोलला नाही आणि ग्राहकही चुकीचं म्हणत नाही. पीओवर यादीचं नाव नव्हतं, गडबड तिथे झाली.

झाकणं का अडकली याचाही हिशेब लागतो. ०.०८ मिमी जादा जाडी ऐकायला क्षुल्लक वाटते. पण फ्लॅट ब्लँकची (वाकवण्याआधीच्या सपाट तुकड्याची) लांबी १.५१९ मिमी धरून काढली असेल, आतली त्रिज्या १.५ मिमी असेल आणि के-फॅक्टर (वाकवताना न ताणणारा थर जाडीत कुठे येतो ते सांगणारं गुणोत्तर) ०.४ घेतला असेल, तर ९० अंशाच्या प्रत्येक बेंडला बाहेरचं माप सुमारे ०.११ मिमी वाढतं. डबा आणि झाकण एकाच पत्र्याचे असल्याने ही वाढ दोघांतही सारखी येते आणि एकमेकांत जिरते. जिरत नाही ती झाकणाच्या दोन भिंतींची जादा जाडी. ती ०.१६ मिमी थेट आतल्या खेळातून (मोकळ्या जागेतून) वजा होते. मग त्यावर पावडर कोटिंग. ७० मायक्रॉनचा थर झाकणाच्या आतून दोन बाजूंना आणि डब्याच्या बाहेरून दोन बाजूंना, म्हणजे आणखी ०.२८ मिमी गेला. ड्रॉइंगमध्ये एकूण अर्धा मिलिमीटर खेळ ठेवला असेल तर उरलं जवळपास काहीच नाही.

आता या लॉटचं काय करायचं ते. न कापलेला पत्रा बाजूला काढा आणि जाडी नीट मोजा: मायक्रोमीटरने, कातरलेल्या काठापासून किमान २५ मिमी आत, म्हणजे बर (कापल्यावर काठाला उरलेली खरखरीत धार) मोजमापात येणार नाही. रंगवलेल्या भागावर आधी रंग काढा. वजनानेही पडताळून बघा. १२२० बाय २४४० मिमीच्या पोलादी पत्र्याचं वजन दर मिलिमीटर जाडीला सुमारे २३.४ किलो भरतं. वजनकाट्यावरचा आकडा २३.४ ने भागला की पूर्ण पत्र्याची सरासरी जाडी मिळते. १.६ चा पत्रा ३७.४ किलोच्या आसपास भरेल, १.५ चा ३५.१ किलो. मायक्रोमीटर पाच-सहा जागा तपासतो, काटा अख्खा पत्रा तपासतो, म्हणून दोन्ही करा.

मग ग्राहकाला लेखी विचारा: १.६ मिमी जाडी या लॉटपुरती चालेल का? हो म्हटलं तर कॅडच्या शीट मेटल फाइलमध्ये जाडी १.६ करून ब्लँक नव्याने काढा आणि झाकणाची आतली रुंदी वाढवा. जुन्या फाइलवर लेझर चालवू नका. वाकवून झालेली झाकणं उलगडून पुन्हा वाकवायचा मोह होईल, तो टाळा. बेंडच्या रेषेवर धातू कडक झालेला असतो, तिथेच चीर जाते. पुढच्या वेळेसाठी ग्राहकाला १.५० मिमी सुचवा. तो इथे सहज मिळतो आणि त्यांच्या १.५१९ पासून जेमतेम ०.०२ मिमी दूर आहे. पण मान्यता ड्रॉइंगच्या सुधारित प्रतीवर घ्या, फोनवर नको. पीओवर धातू, त्याचा ग्रेड, जाडी मिलिमीटरमध्ये, तिची वरची आणि खालची सूट, आणि जीआय असेल तर जाडी मुलाम्यासकट की मुलाम्याविना, एवढं लिहा. गेजचा आकडा लिहूच नका. कंसातसुद्धा नको, कारण दोन आकडे दिसले की समोरचा आपल्या सोयीचा उचलतो.

तारेकडे वळू. तार ओढताना ती एकामागून एक लहान होत जाणाऱ्या डायमधून (भोक असलेल्या साच्यांमधून) जाते. जितक्या जास्त डाय, तितकी तार बारीक, म्हणून क्रमांक वाढतो तशी जाडी घटते. एसडब्ल्यूजीमध्ये दोन क्रमांकांमधल्या पायऱ्या सारख्या नाहीत, तक्ता बघावाच लागतो. अमेरिकन वायर गेज म्हणजे एडब्ल्यूजी मात्र सूत्राने बांधलेला आहे. तीन क्रमांक वर गेलं की तांब्याचं क्षेत्रफळ जवळजवळ निम्मं होतं, सहा क्रमांक वर गेलं की व्यास निम्मा होतो. १८ एडब्ल्यूजी १.०२४ मिमी, २४ एडब्ल्यूजी ०.५११ मिमी.

रिवाइंडिंगवाल्याचा घोटाळा इथेच होतो. समजा मोटरमध्ये मूळ १९ एसडब्ल्यूजीची तार आहे: व्यास १.०१६ मिमी, क्षेत्रफळ ०.८११ चौरस मिमी. ती मिळाली नाही तर २२ एसडब्ल्यूजीच्या दोन तारा समांतर घालतात. ०.७११ मिमीच्या दोन तारांचं क्षेत्रफळ ०.७९४ होतं, म्हणजे चालण्यासारखं. पण रीळ २२ एडब्ल्यूजीचं आलं तर प्रत्येक तार ०.६४४ मिमीची, दोन मिळून ०.६५२ चौरस मिमी. तितकाच प्रवाह गेला तर तांब्यातली उष्णता सुमारे २४ टक्के वाढते. मोटर टेस्ट बेंचवर रिकामी छान फिरते आणि लोडवर काही महिन्यांत जळते. म्हणून जुनी तार कापून तिचं इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा थर) जाळून किंवा हलक्या हाताने खरवडून काढा, उघड्या तांब्याचा व्यास मायक्रोमीटरने मोजा आणि तोच आकडा रिवाइंडिंगवाल्याला द्या. इनॅमलसकट मोजलं तर तार आहे त्यापेक्षा जाड वाटते.

घरच्या वायरिंगमध्ये जुने इलेक्ट्रिशियन अजून ‘३/२०’, ‘७/२०’ म्हणतात. ते म्हणजे २० एसडब्ल्यूजीचे तीन किंवा सात धागे. दुकानातली वायर आता चौरस मिलिमीटरवर मिळते, तेव्हा तीच भाषा वापरा. ३/२० म्हणजे जवळपास २ चौरस मिमी. तिच्या जागी २.५ घ्या, १.५ नको.

वडिलांच्या मल्चिंग पेपरचा गेज या सगळ्याच्या उलट चालतो, आणि फसगत होते ती त्यामुळेच. प्लॅस्टिक फिल्ममध्ये गेज वाढला की जाडी वाढते. १०० गेज म्हणजे २५.४ मायक्रॉन, म्हणून गेजला चारने भागलं की मायक्रॉन मिळाले असं धरायला हरकत नाही. २५ ते ३० मायक्रॉनचा मल्चिंग पेपर म्हणजे १०० ते १२० गेज. पॉलिहाऊसची २०० मायक्रॉनची फिल्म म्हणजे सुमारे ८०० गेज, आणि शेततळ्याचं ५०० मायक्रॉनचं अस्तर २००० गेजच्या घरात जातं. दुकानात एवढी बारीक जाडी मोजता येत नाही, तिथेही वजनच कामाला येतं. १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब आणि २५ मायक्रॉन जाड रोलमध्ये ०.०१२ घनमीटर प्लॅस्टिक असतं. पॉलिथिलिनची घनता ०.९२ धरली तर वजन ११ किलो. आतल्या पुठ्ठ्याच्या नळीचं वजन वजा करून रोल ९ किलोच भरला, तर एक तर जाडी २० मायक्रॉनच आहे, नाहीतर लांबी कमी आहे. ३० मायक्रॉनच्या रोलला १३ किलोच्या थोडं वर वजन हवं. वडिलांना सांगा, बिलावर मायक्रॉन, रुंदी, लांबी आणि निव्वळ वजन चारही लिहून घ्यायचं.

इंजेक्शनच्या सुईचा क्रमांक पुन्हा तारेसारखा, वाढेल तशी सुई बारीक. २१ गेजची सुई ०.८ मिमी, २६ गेजची ०.४५. इथे रंगावरून ओळखायची सवय घातक ठरू शकते. १८ गेजच्या साध्या सुईचं बूड (सिरिंजला बसतं ते प्लॅस्टिक) गुलाबी असतं, पण १८ गेजचा आयव्ही कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत ठेवायची नळी) हिरवा, आणि गुलाबी कॅन्युला २० गेजचा. कॅथेटर फ्रेंच मापात येतात, ते उलटं: क्रमांक जितका मोठा तितकी नळी जाड, एका फ्रेंचला एक तृतीयांश मिलिमीटर. होजिअरीच्या विणकाम यंत्रावर २४ गेज म्हणजे एका इंचात २४ सुया. रेल्वेचा गेज या सगळ्यांत सरळ, कारण तिथे थेट अंतर सांगतात, दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं: ब्रॉडगेज १६७६ मिमी, पुणे मेट्रोचा स्टँडर्ड गेज १४३५, नेरळ-माथेरानचा ६१०.

आता कंप्रेसर. कारखान्यात ‘सात किलो’ म्हणतात तो दर चौरस सेंटिमीटरला सात किलो, म्हणजे ६.८६ बार किंवा साधारण १०० पीएसआय, आणि तो गेज दाब असतो. डायलचा काटा शून्यावर असतो तेव्हा टाकीत निर्वात नसतं, बाहेरच्या हवेइतका दाब असतो. अ‍ॅब्सोल्यूट दाब हवा असेल तर डायलच्या आकड्यात तिथल्या वातावरणाचा दाब मिळवायचा: मुंबईत सुमारे १.०१ बार, पुण्याच्या उंचीवर सुमारे ०.९५.

कुठे कुठला वापरायचा? दोन दाबांची वजाबाकी करायची असेल तर गेज दाब पुरतो, कारण वातावरणाचा दाब दोन्हीकडे असल्याने निघून जातो. टाकीची भिंत किती ताण सोसते, सिलिंडर किती जोर लावेल, गळतीत दाब किती पडला, हे सगळे वजाबाकीचे प्रश्न. भागाकार किंवा गुणोत्तर आलं की अ‍ॅब्सोल्यूटच हवा. वायूचे नियम, कॉम्प्रेशन रेशो (बाहेर पडणाऱ्या आणि आत येणाऱ्या हवेच्या दाबांचं गुणोत्तर), तापमानाबरोबर वाढणारा दाब या सगळ्यांत गेजचा आकडा टाकला की उत्तर चुकतं. २७ अंशांना ३२ पीएसआय भरलेलं टायर ५७ अंशांना किती दाखवेल? ३२ ला सरळ ३३० भागिले ३०० ने गुणलं तर ३५.२ येतात. खरं उत्तर काढायला आधी १४.७ मिळवायचे, मग गुणायचं आणि शेवटी १४.७ वजा करायचे: ३६.७ पीएसआय. तुमचा कंप्रेसर ७ बार गेज देत असेल तर त्याचा कॉम्प्रेशन रेशो मुंबईत ७.९ आणि पुण्यात ८.४ च्या आसपास. म्हणून तेच मशीन घाटावर जास्त तापतं आणि आत घेतलेली हवाही वजनाने कमी भरते.

व्हॅक्यूम पंपाबाबत यावरून बरीच भांडणं होतात. कागदावर ‘५० मिलिबार अ‍ॅब्सोल्यूट’ लिहिलेला पंप मुंबईत डायलवर उणे ०.९६ बारपर्यंत नेईल. पुण्यात तो उणे ०.९० वर थांबणारच. पंप चांगला आहे, बाहेरची हवाच तेवढी आहे. परत पाठवण्याआधी हा हिशेब करा.

डायल निवडताना नेहमीचा दाब पूर्ण मापाच्या ७५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. दाब सतत वरखाली होत असेल तर ६५ टक्क्यांची मर्यादा धरा. म्हणून ७ बारच्या स्थिर लाइनला ० ते १० चा चालेल, पण रेसिप्रोकेटिंग (पिस्टनच्या) कंप्रेसरजवळ ० ते १६ चा घ्या, तोही ग्लिसरिन भरलेला. वाफेवर लावायचा तर मध्ये सायफन नळी हवीच. डायलवर ‘१.६’ छापलेलं असतं तो अचूकतेचा वर्ग. ती चूक पूर्ण मापाच्या १.६ टक्के धरतात, समोर दिसणाऱ्या आकड्याच्या नव्हे. ० ते १६ च्या डायलवर कुठेही पाव बारची चूक असू शकते. १४ बारला ती किरकोळ, २ बारला तेरा टक्के.

नदीच्या गेजलाही असंच ठरवलेलं शून्य असतं. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५, कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ३९ आणि ४३. हे आकडे पाण्याची खोली सांगत नाहीत, आणि एकीकडचे फूट दुसरीकडच्या फुटांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

टेस्ट सर्टिफिकेटवरची गेज लेंथ म्हणजे ओढण्याआधी नमुन्यावर आखलेल्या दोन खुणांमधलं अंतर. तुमच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे, कारण लांबवाढीचा टक्का तिच्यावर अवलंबून असतो. नमुना आधी सगळीकडे सारखा ताणला जातो आणि मग एका जागी मान पडून तिथेच तुटतो. समजा सगळीकडे सारखी झालेली वाढ २० टक्के आहे आणि मानेमुळे ६ मिमी जादा मिळाले. ५० मिमी गेज लेंथवर हे ३२ टक्के होतात, ८० मिमीवर २७.५. पत्रा तोच आहे. अमेरिकन पद्धतीत पत्र्यासाठी बहुधा ५० मिमी घेतात, इथल्या पोलाद गिरणीचं सर्टिफिकेट ८० मिमीवर असू शकतं. ग्राहकाने ‘किमान ३० टक्के’ मागितले आणि तुमच्या हातात २८ असतील, तर माल नाकारण्याआधी दोन्हीकडची गेज लेंथ बघा. वेगळी असेल तर ग्राहकाच्या पद्धतीने पुन्हा चाचणी मागा, अंदाजाने आकडा बदलू नका.

स्ट्रेन गेजलाही (भागावर चिकटवून त्याचा ताण मोजणाऱ्या पट्टीलाही) लांबी असते आणि ती कामावरून ठरते. भोकाच्या कडेजवळचा ताण हवा असेल तर ३ मिमी किंवा त्याहून लहान, कारण लांब गेज आजूबाजूची सरासरी दाखवून शिखर लपवतो. काँक्रीटवर उलट, २० मिमी खडी असेल तर गेज किमान ६० मिमीचा लागतो. नाहीतर तुम्ही एकट्या खड्याचाच ताण मोजाल.

गेज थिअरीचं थोडक्यात. हर्मान वाइल यांनी १९१८ मध्ये कल्पना मांडली की लांबी मोजायची पट्टी अवकाशात प्रत्येक बिंदूवर वेगळी निवडता यावी. त्या रूपात ती टिकली नाही. १९२९ मध्ये त्यांनीच ती क्वांटम लहरीच्या फेजला (लहर आपल्या चक्रात कुठे आहे त्या स्थानाला) लावली, नाव मात्र तेच राहिलं. विद्युत विभवाचं शून्य कुठेही धरलं तरी बल्ब तेवढाच उजळतो, कारण फरक तेवढाच मोजता येतो. फेजचं शून्य निवडायची अशीच मोकळीक प्रत्येक बिंदूला आणि प्रत्येक क्षणाला दिली, तरी निसर्गाची उत्तरं बदलू नयेत अशी अट घातली की विद्युतचुंबकीय क्षेत्र मानावंच लागतं. यांग आणि मिल्स यांनी १९५४ मध्ये हीच अट अधिक व्यापक केली. त्या पुस्तकांत ‘लॉरेन्झ गेज’ दिसेल, तो डेन्मार्कच्या लुडविग लॉरेन्झ यांचा. ज्यांचं नाव रूपांतरणांना आहे ते हेंड्रिक लॉरेंट्झ वेगळे.